खारकेची नोंदवही

पहिली नोंद, चार जून :
उजवा पुढचा पाय चाटते. बोटांच्या बेचक्यात लाल.
रात्री दोन दहाला पुन्हा.

बत्तीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
मी रंगाच्या डब्यांतला दोष शोधायचो.
बॅच परत आली की नियम एकच :
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
आणि थांबायचं.
कुत्रीचंही याच रीतीने सापडेल, म्हटलं.

आधी कोंबडी बंद.
आठ आठवडे लाल भोपळा आणि मांदेली.
खारकेने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मी पहिल्यांदा पोहे केले तेव्हा
सुनीतीने पाहिलं होतं तसं.
खाज जैसे थे.

मग गहू. मग दही.
मग वॉचमन झांच्या खिशातलं बिस्किट,
जे आपण कधी दिलंच नाही असं ते शपथेवर सांगत होते
आणि खारीक त्यांच्या खिशात नाक खुपसून
त्यांना उघडं पाडत होती.

फिनेल गेलं, व्हिनेगर आलं,
घराला लोणच्याच्या बरणीचा वास.
धूप बंद करा म्हटलं, तर सुनीती म्हणाली,
माझ्या देवांना कधी खाजवताना पाहिलंत?

ऐरोलीत विजेच्या तारांखाली जी मोकळी पट्टी आहे
तिथलं गाजरगवत मी खुरप्याने उपटलं, एकट्याने, तीन सकाळी.
चौथ्या दिवशी माझ्याच कोपरांवर पुरळ.
आठवडाभर एकाच हॉलमध्ये
आम्ही दोघं समोरासमोर खाजवत बसलो.

दिवा गावची हेमांगीबाई मासळी तोलता तोलता म्हणाली,
खाडीचं पाणी लावा, जातंय.
लावलं.
खारकेने किंचाळून माझं मनगट तोंडात धरलं.
दात रोवले नाहीत.
ही नोंद वहीत नाही.

शेवटी डॉक्टर परकार.
त्यांनी तिची डावी कूस भादरली,
पेनने चौकटी आखल्या,
एकेका चौकटीत एकेक संशयित सुईच्या टोकाने टोचला
आणि घड्याळ लावलं. मला बाई एकदम आवडल्या.
पंधराव्या मिनिटाला तीन गांधी वर आल्या.
सात नंबर, गादीतल्या धुळीचा किडा.
एकोणीस, गाजरगवत. मी सुनीतीकडे पाहिलं. बघ.
सत्तावीस.
डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली, पेनचं टोपण चावलं.
सत्तावीस म्हणजे माणूस, म्हणाल्या.
आपल्या कातडीचा कोंडा. असतं काही कुत्र्यांना.
घरात कोणी नवीन आलंय का?

नाही, मी म्हणालो.
आलेत की, सुनीती म्हणाली, हे.
एकतीस मेला रिटायर झाले.
तेव्हापासून दिवसभर घरातच.

वही उघडून पाहिली.
पहिली नोंद चार जून.
त्याच्या आधी काय बदललं
तो रकानाच मी आखला नव्हता.

आता फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे, एक कुपी आहे.
तिच्यात धूळ, गवत, आणि माणूस,
हजारपट पातळ केलेला.
दर सोमवारी मानेजवळची कातडी चिमटीत धरून
शून्य दशांश एक. मग शून्य दशांश दोन.
शरीराला सवय लागेपर्यंत हळूहळू वाढवायचं,
घाई केली तर फसतं.
सुनीती विचारते, असलं काही
मला नव्हतं का मिळत?
मी सकाळी दोन तास वाचनालयात जाऊन बसतो.
तेही नोंदवतो.

आजची नोंद, अकरा फेब्रुवारी :
दिवसात चारदा. पायाची लाली उतरली.
माझा जुना कंपनीचा शर्ट बादलीतून ओढून काढला,
त्यावर झोपली.
काढून घेतला.
पुन्हा आणला.