विनाकारण ब्रेक

दिंडोशी डेपो, मागची खोली.
चार खुर्च्या, चार स्टिअरिंग,
चौघांच्या डोळ्यांवर काळे डबे.
बघणाऱ्याला वाटेल, मोतीबिंदूचं शिबिर भरलंय.

आत मात्र सायन सर्कल आहे,
इतकं झाडलेलं की हसू येतं.
खड्डा एकच, दर फेरीला त्याच जागी.
आता आम्ही त्याला ओळख देतो.

निळी बस म्हणजे डिमेलो, वसईचा,
सिग्नल सुटायच्या आधीच हातभर पुढे.
लाल बस खामकरमामा, रिटायरला सात महिने.
चौथा कोण, मला अजून दिसलेला नाही.
मी नवी, म्हणून मला पाण्याचा टँकर.

डोळे पळतात, पोट खुर्चीतच राहतं.
उलटीसाठी पिशवी दिलीय.
"भाटकरबाई, माणूस मेलं तुमचं," साहेब ओरडतात,
तोवर ते माणूस उठून
पुन्हा झेब्रावर उभं.

तिसऱ्या फेरीला मामांची बस
माझ्यापुढे उजवीकडे कलली.
इंडिकेटर नाही. तीस वर्षांत लावलाय कधी?
सवयीने त्यांनी हात खिडकीबाहेर काढला.
खिडकी नव्हती.
बसलाही हात नव्हता,
कुठल्याच वायरीतून मला तो दिसला नाही.

आला तो हातच.
माझ्या डाव्या खांद्यावर, तंबाखूचा वास घेऊन.
मी टँकर जागच्या जागी थांबवला.

अक्षरं उमटली: विनाकारण ब्रेक. दोन गुण वजा.

"लागलं का गं?"
मी नाही म्हणून मान हलवली,
तर सगळं सायन सर्कल
नाही म्हणून हललं.