छप्पर कशाचं होतं

व्हिल्यामोंतेसच्या दवाखान्यातला पोरगेला डॉक्टर म्हणाला, वय झालंय.
बाबा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते
आणि पिल्कोमायोत जाळं ओढताओढता
दुसऱ्यांदा मटकन बसले होते, पाण्यातच.

दुसरा म्हणाला, पित्त.
तिसऱ्यानं एक्स-रे उजेडाकडे धरला,
हलकी शीळ घातली,
भलतंच मोठं आहे हो हृदय तुमचं.
बाबा लाजले, कौतुक झाल्यासारखे.
घरी येऊन आईच्या फोटोला सांगितलंसुद्धा.

मी त्यांच्या नडगीवर बोट दाबायची.
खळगा राहायचा, गाळात रुततो तसा.
तो भरून येईपर्यंत आकडे मोजायची,
आकडे रोज वाढायचे.

चौथा सांता क्रूझला. खास हृदयाचा.
नळ्या स्वच्छ आहेत, म्हणाला. झडपा ठीक.
मग?
मग स्नायू. त्यानं खांदे उडवले.
स्नायूचं मी बघत नाही.
हृदयातही वेगवेगळ्या खिडक्या असतात,
जमिनीच्या कचेरीत असतात तशा,
हे मला तोवर कुठं माहीत होतं.

नाव दिलं ते तिथं फरशी पुसणाऱ्या दोन्या रूफिनानं,
फडकं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता:
सुक्रेला एक बाई आहेत, अराम्बुरू. स्नायूच बघतात.
माझ्या भावाला नेलं होतं.
भाऊ वाचला का, मी विचारलं नाही.
तिनंही बादली उचलली.

रात्रभर बस.
आडवं झालं की बाबांना बुडाल्यासारखं होतं,
म्हणून बस त्यांना आवडली.
इथं सगळेच बसून झोपतात, म्हणाले.

सुक्रे म्हणजे पांढऱ्या भिंती आणि चढ.
दर दहा पावलांवर बाबा दुकानाच्या काचेशी थांबायचे,
काहीतरी घ्यायचं असल्यासारखे.
टोप्या बघितल्या. बटणं बघितली.
शवपेट्यांच्या दुकानासमोर मात्र दम न घेताच पुढे गेले.

बाईंना सर्दी झाली होती.
टेबलावर अर्धं सोललेलं संत्रं.
तांदळाच्या पिशवीतून मी सगळे कागद काढले,
तारीखवार लावलेले.
त्यांनी हात लावला नाही.
बाबांना विचारलं,
जन्मलात त्या घराचं छप्पर कशाचं होतं?

बाबांनी माझ्याकडे बघितलं.
गवताचं.
भिंती?
मातीच्या.
भेगा?
हात जाईल एवढ्या.
रात्री वरून काही पडायचं?

आणि आमचे बाबा, जे चार डॉक्टरांपुढे
हो-नाहीपलीकडे गेले नव्हते, बोलायला लागले.
विन्चुका पडायच्या, बाई. टप, टप.
ढेकणाच्या थोरल्या बहिणी. दिवा विझला की.
एकदा सकाळी डोळा उघडेचना, एकच, उजवा.
आई म्हणाली, नजर लागली. पाला बांधला.
उतरली सूज.

सूज उतरली, बाई म्हणाल्या. ते आत राहिलं.
पन्नास वर्षं.

पावतीच्या पाठीमागे त्यांनी हृदय काढलं,
बटाट्यासारखं, भिंती पातळ.
बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले,
हे भिजून सैल झालेलं जाळं आहे.
मासे असतात आत. ओढ नसते.
हो, बाई म्हणाल्या. अगदी हेच.
नवं विणता येतं?
नाही. फाटतंय ते सावकाश फाटेल, तेवढं बघू.

चार गोळ्या. मीठ बंद.
पाणी मोजून, दिवसाला सहा पेले.
नदीत जन्म काढलेल्या माणसानं
बोटांवर मोजून बघितलं,
एक बोट उरलं, ते तसंच उभं धरून बसले.

मी कागद गोळा करत होते.
बाई शिंकल्या, नाक पुसलं,
आणि तू? तू कुठं जन्मलीस?

पत्र्याखाली, असं म्हणणार होते मी.
पत्रा आला तेव्हा मी सात वर्षांची होते.
नवीन पत्र्यावर पहिल्या दिवशी चढलेली मांजर आठवते.
त्याआधीच्या रात्री आठवत नाहीत.

बाबा खिडकीबाहेर बघत होते,
बाहेर फक्त पांढरी भिंत होती.

मी बाही वर केली.