पोटाची पायरी

पंखांचा पसारा अकरा फूट,
घराच्या दारातून निघालाच नसता,
म्हणून सोसायटीच्या रिकाम्या गोदामात
दोन हिवाळे बांधत होतो मी हे.
पाण्यावर बसणारं विमान. उडती नाव म्हणा.
गाव म्हणे, चैतराम लाइनमनचं बदक.

फासळ्या पांगाऱ्याच्या.
शेवटच्या चार सावरीच्या, कारण पांगारा संपला.
पोट थर्माकोलचं,
तुमसरच्या मासळी बाजारातले बर्फाचे खोके.
तापल्या तारेनं कापताना
गोदामभर झिंग्यांचा वास.
वरून काचकापड, रेझिन, पुट्टी.
पंखांवर फिल्म चढवली पुष्पकलेनं,
तिच्याच इस्त्रीनं. मला हात लावू दिला नाही.
एक सुरकुती नाही कुठे.

धानाच्या काट्यावर वजन केलं:
चौदा किलो दोनशे.
वरचे दोनशे मला झोपू देईनात.

एकतीस वर्षं खांबांवर चढलो.
वरून तलाव दिसायचा, मालगुजारीच्या काळचा,
शिंगाड्यांनी अर्धा झाकलेला,
आणि त्यात उतरणारी बदकं,
पाय आधी पुढे काढून,
खाली बसताना म्हातारा हात पुढे टेकतो तशी.
तेव्हापासूनचं आहे हे.
पुष्पकलेला मात्र सांगितलं, पेन्शननंतर सुचलं.

पहिल्या दिवशी पाळीवर पन्नास माणूस.
मोटर किंचाळली, फवारा उडाला,
ही बया तलाव कापत गेली
पार पल्याडच्या घाटापर्यंत,
पाणी काही सोडेना.
तीनदा. मग बॅटरी बसली, पोरं घरी गेली.

बिसन नान्हे गुडघाभर पाण्यात जाळं झटकत होता.
आला, उलटी केली तिला,
गाभण म्हशीवरून फिरवावा तसा पोटावरून तळवा फिरवला.
‘लय गुळगुळीत केलं गा.
ओल्या फरशीवर परात कशी बसते?
वरून ओढली तं निंगत नाही.
खालून हवा घुसली का सुटते.
याच्या पोटाले पायरी दे कुठी तरी.’

नकाशात पायरी होती.
मधोमध, दीड बोटाची.
मीच बुजवली होती पुट्टीनं,
दिसायला बरी नव्हती.

हे त्याला सांगितलं नाही.
आठ दिवस खरवडत बसलो.

दुसऱ्यांदा गेलो ते भल्या पहाटे, पौषात,
पाणी असं की काच.
उलटं देऊळ, उलटी बाभूळ, उलटा मी.
म्हटलं, आज जमणार.
नाही जमलं.
धावली, नाक वर केलं, पुन्हा बसली.

बिसन डोंग्यात उभा, बिडी कानावर.
‘निजलेलं पाणी कोणाले सोडत नाही,’ म्हणाला,
आणि बांबू रेटत तिच्या वाटेवरून तिरपा निघून गेला.
लाट ती काय, बोटभर.
देऊळ मोडलं, बाभूळ मोडली.
‘हं, आता.’

थप थप थप थप
आणि मग थप नाही.
मोटरचा आवाज तोच,
फक्त पाण्याचा बंद झाला.
अंगठा काडीवर, आणि माझं तोंड उघडं.
शिंगाड्यावरून गेली, डोंग्यावरून,
काठावरच्या सारसाच्या जोडीवरून,
त्यांनी मान वर केली नाही.
नर चिखलात चोच खुपसून होता,
त्याला सकाळची कामं होती.

उतरवताना घाई केली मी.
दोनदा उसळली, तिसऱ्यांदा तिरपी टेकली,
डाव्या पंखाखालचा तरंगता फ्लोट
तुटून शिंगाड्यात गेला.
बिसननं डोंगा घालून शोधला, सापडेना.

महाशिवरात्रीच्या सुमारास पाहिलं,
त्याच्या जाळ्याच्या टोकाला बोयऱ्या म्हणून
माझा फ्लोट, वरचा लाल पट्टा अजून ओला-ताजा.
‘तुझाच आहे,’ म्हणाला. ‘कामाचा निघाला.
पाहिजे का?’

नवा करतो आहे.
पांगारा मिळत नाही, सावरीचाच.
काट्यावर पंधरा ग्रॅम जास्त भरतो,
कितीही घासला तरी.
पुष्पकला म्हणते, मग उजवाही तेवढाच जड कर की.
हे मला सुचायला हवं होतं.