काळ, काम, वेग

शुक्रवारी रात्री तंझिलाची व्हॉइस नोट येते.
हर्णैत साडेनऊ, सोहारमध्ये आठ.
"अब्बा, ऐका. अ एक काम बारा दिवसांत करतो,
ब तेच काम पंधरा दिवसांत.
दोघांनी मिळून सुरुवात केली,
चार दिवसांनी अ काम सोडून गेला.
उरलेलं काम ब किती दिवसांत संपवेल?
मी बारा नि पंधरा सत्तावीस केले.
बाई हसल्या."

दिवस मिळवायचे नसतात, बेटा.
आधी ते उलटे कर,
बारा खाली, डोक्यावर एक.
नाही कळलं? बरं, फरशी धर.
खमीसशेठच्या व्हिलात साठ पेट्या फरशी बसवायची आहे.
अ रोज पाच पेट्या बसवतो,
ब चार.
दोघे मिळून नऊ. हे मिळवता येतं,
एका दिवसाचं काम एका दिवसाच्या कामात.
चार दिवसांत छत्तीस झाल्या.
उरल्या चोवीस.
आता ब एकटा. चोवीस भागिले चार.
क्ष बरोबर सहा.
वहीत शेवटी 'दिवस' लिही, त्याचा अर्धा गुण असतो.

हिरवी खूण आली, आणि एक हसरा चेहरा.

एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
समोरची खाट रिकामी,
तिच्यावर फक्त गुडघ्याला बांधायचे रबरी पट्टे,
रघुवीर धाडवेचे, मंडणगडच्या.

तो सोडून गेला नाही.
व्हिसाच्या मेडिकलला छातीच्या फोटोत
एक ठिपका निघाला, वाटाण्याएवढा.
पाचव्या दिवशी सकाळी मी दोघांसाठी सिमेंट कालवलं
आणि सुपरवायझरने मस्टरमध्ये
त्याच्या नावापुढे ए लिहिला.
इथे गैरहजराला ए लिहितात.

आणि सहा दिवस?
मला नऊ लागले.
जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन काम बंद,
पण ते तर तो असतानाही होतंच.
पेटी फोडून हातात फरशी देणारा नव्हता.
"अरे, वाकडी जातेय तुझी" म्हणणारा नव्हता.
मी चारचा माणूस आहे असं मला वाटायचं.
त्यातल्या सव्वाएक पेट्या त्याच्या होत्या,
हे कुठल्या छेदात लिहायचं?

उंबऱ्यापाशी त्याची ओळ आणि माझी ओळ
दोन सुतांनी चुकली.
एक फरशी फोडून पुन्हा बसवली.
भिंतीवर खाली, रोज संध्याकाळी,
तो पेन्सिलने आकडा लिहायचा:
पाच. पाच. पाच. साडेपाच.
शेवटच्या दिवशी त्यावरून स्कर्टिंग लावलं मी.
पुसलं नाही.

फोन पुन्हा वाजतो.
"अब्बा, पुढचं. एक टाकी आहे, दोन नळ आहेत,
आणि तळाला एक भोक."
थांब, म्हटलं.
भोक केवढं आहे, ते आधी नीट वाच.