पोळ्याआधीचा रविवार

देवपुजारी साहेब,
तुमच्या नकाशाच्या कोपऱ्यात
बारीक पेन्सिलीत लिहिलेलं वाचलंय मी:
भिंतींना काही लावू नये.
आठ महिने तेवढंच पाळलं.
मधल्या भाडेकरूंचा गुलाबी डिस्टेंपर,
त्याखालचा पिस्ता, त्याखालचा चुना
तासत तासत गेलो मी आणि झिबल मिस्त्री,
आणि एका दुपारी उघडं पडलं तुमचं काँक्रीट.
त्यावर साच्याच्या फळ्यांच्या रेघा, गाठी.
"आंब्याची होती फळी," झिबल म्हणाले.
साठ वर्षांपूर्वी चुलीत गेलेल्या झाडाची
सही अजून भिंतीवर.

घर टेकडीला पाठ टेकून उतरतं.
तीन पायऱ्या, बैठक,
सात पायऱ्या, स्वयंपाकघर,
मग गच्ची, आणि तिच्या कठड्यापलीकडे
ताटलीएवढा फुटाळा.
सेमिनरी हिल्सला फिरायला आलेले लोक
फाटकाशी थांबून विचारतात,
"प्लास्टर कधी करणार?"

पोळ्याआधीच्या रविवारी मात्र
मी खालच्या वस्तीतल्या पोट्ट्यांना बोलावते.
या, आपापले बैल घेऊन या.
येतात. चाकं निखळलेले, एकशिंगी,
पणजोबांचे, परवा ऑनलाइन मागवलेले,
एक तर इतका मोठा की दारातून मावेना,
चौघांनी गच्चीवरून उतरवला, शिव्या देत.
मोझॅकवर जुनी वर्तमानपत्रं पसरतात.
डिंक, बेगड, घुंगरू, शिंगांना चंदेरी रंग,
माझ्या शालूचा काठ कापून झूल.
सांभारवडीचे तेलकट हात सगळ्यांत.
चहा तीनदा. भांडण एकदा,
हिरव्या गोंड्यावरून.

पलाश डोंगरवार, वय सहा,
मान वर करून भिंत बघत राहिला.
"काकू, तुमचं घर काऊन नाही सजवलं?"
मी म्हटलं, घराला आवडत नाही.
"विचारलं का त्याले?"

संध्याकाळी बैल गेले
घुंगरांच्या आवाजात उतार उतरून.
केर काढला, कागद गोळा केले.
दिवा लावताना दिसला
जिन्याच्या वळणावर, गुडघ्याएवढ्या उंचीला,
आंब्याच्या गाठीशेजारी
चंदेरी पंजा. पाच बोटं, करंगळी जरा पुसट.
तोल गेला असेल. किंवा नसेल.

आज चौथा दिवस.
साहेब, तुम्ही लिहिलंत, लावू नये.
हे लावलेलं नाही,
लागलंय.
झिबलना फोन केला होता, तासणी घेऊन या म्हणून.
म्हणाले, येतो.
कधी, ते मीही विचारलं नाही.