आवाज बारीक कर

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
साडेआठला आमच्याकडे टीव्ही लागतो
आणि रिमोट आमटीच्या पातेल्यामागे जातो.
नियम माझाच: बघायचं, पण विचारत बघायचं.
दिवसभर मी लोकांची वीजबिलं तपासतो,
आकडा आला कुठून, हे विचारायची खोड लागलेली.

पहिल्यांदा आवाज बंद केला तेव्हा
मालिकेतली सासू तीनदा वळली, तीन बाजूंनी.
मृण्मयी म्हणाली, "बाबा, ही चिडलेली नाहीये.
हिचा चष्मा हरवलाय."
वैजयंता इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.
मग आवाज सोडला: गडगडाट, झांजा,
आणि चष्मा हरवलेली बाई पुन्हा कपटी झाली.

चर्चेच्या कार्यक्रमाला मटार सोलायचे असतात.
चौकटीत सहा जण, त्यांत बाई एक.
तिचं वाक्य कुणी तोडलं की एक दाणा वाटीत.
पहिल्या ब्रेकपर्यंत तळ झाकला,
दुसऱ्यापर्यंत वाटी भरली.
रविवारी त्याची उसळ केली.
"राहिलेल्या वाक्यांची," असं म्हणत
पोरीने वरून लिंबू पिळलं.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्याच गल्लीत जलवाहिनी फुटली.
गुडघाभर पाणी,
पाण्यामागोमाग चॅनेलची गाडी.
नदाफ मास्तरांचं शिलाईयंत्र बुडालं होतं,
लग्नाचे अठ्ठावीस ब्लाउज भिजले होते.
ते अकरा मिनिटं बोलले,
हात जोडून नव्हे, हिशेब मांडून:
कोणत्या तारखेला वॉर्ड ऑफिसात गेलो,
कोण जागेवर नव्हतं.
घोलपकाकू कठड्याला रेलून हसत होत्या, कारण
काकांची एकच चप्पल तरंगत जाऊन
बरोब्बर सेक्रेटरीच्या दारात थांबली होती.
हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

रात्री लाल पट्टी: 'पुण्यात हाहाकार'.
काकू डोळे पुसताहेत, चार सेकंद, मागे सारंगी.
यंत्राचा एक पाय दिसला.
मास्तर नाहीत.
वरच्या मजल्यावरून काकूंचा आवाज,
"अगंबाई, मी रडले कधी?"
मृण्मयीने वहीत लिहिलं:
मास्तर, बोलले अकरा मिनिटं, दिसले शून्य.
मला तिचा अभिमान वाटला. म्हणजे, माझाच.

परवा जेवताना मी नेहमीची गोष्ट काढली:
सासवडची जमीन कशी विकली,
अप्पांचं ऑपरेशन कसं केलं,
ससूनच्या बाकावर मी रात्र रात्र कसा बसलो.
ही गोष्ट मी चांगली सांगतो.
बाक किती गार होतं ते ऐकणाऱ्याला कळतं.

"बाबा, शालनआत्या कुठेय यात?"

"होती की. तिथेच होती."

"मग दिसत का नाही?
कॅमेरा कुणाकडे होता?"

पंखा फिरत राहिला.
ती आणखी काही म्हणणार, तेवढ्यात मी म्हणालो,
"आधी जेव."

वैजयंता काही बोलली नाही.
तिने एक दाणा उचलला
आणि स्टीलच्या वाटीत टाकला.
एका दाण्याचा एवढा आवाज होतो,
मला माहीत नव्हतं.

हक्कसोडपत्रावर सही शालनची.
कुठे करायची ते दाखवणारं बोट माझं.
हे मी गोष्टीत कधी घेत नाही,
लांबते म्हणून.

सगळी झोपल्यावर गॅलरीत गेलो.
सात वर्षांनी तो नंबर लावला.
फलटणला रिंग वाजत राहिली, मग खुडखुड,
मागे कुणीतरी तावातावाने बातम्या ओरडतंय,
आणि त्यातून तिचा आवाज:

"कोण? ...दादा?
थांब हं.
टीव्ही बंद करते."