गंज

शाळेच्या पुस्तकात गंज लोखंडावर चढायचा.
आमच्याकडे गंज म्हणजे भांडं,
दूध तापवायचं, भात ठेवायचं,
शेजारी काही द्यायचं असलं की पदराखाली न्यायचं.

हा लहान आहे, स्टीलचा, बुडाशी एक पोचा.
काठावर ठिपक्यांनी कोरलंय
'सुलोचना नान्हे यांजकडून'.
ही सुलोचना कोण, मला माहीत नाही.
देवांगणालाही नाही.
कोणाच्या तरी लग्नातून तो आला
आणि आमच्या दोन घरांमध्ये राहिला.

मी वर्ध्याकडची, कापसातली.
इथे तळ्याकाठी लंज्यांच्या घरी आले तेव्हा
चिखलात पाय कसा टाकायचा तेही येत नव्हतं.
देवांगणा वलथरे कुडावरून म्हणाली,
"कावून वो, भात पाहून रडतेस का?"
आणि गंज पुढे केला. आत लाखोरीची कोवळी भाजी.
रिकामा परत करायचा नसतो, एवढं आईनं शिकवलं होतं.
मी ज्वारीच्या कण्या घातल्या.
तिनं त्यात गूळ घातला म्हणे.
वर्ध्यात हे कळलं असतं
तर माझी काकू दोन दिवस जेवली नसती.

मग मला महिने गंजातूनच कळत गेले.
टेंभरं आली की वैशाख.
वास्ते आले की आखाडी जवळ.
सात्या आल्या तर रात्री आभाळ गरजलेलं असायचं;
"वारुळाकडे वाकून जाय," ती सांगायची,
"अन् मोठ्यानं बोलू नोको."
शिंगाडे हिरवे, बोटाला टोचणारे,
तिच्या नवऱ्यानं छातीभर पाण्यातून काढलेले.
मी तिळाची चटणी द्यायची, सांडगे,
एकदा घरात काहीच नव्हतं तर तुळशीचं रोप.

मग तो आश्विन.
धानाला शेवटचं एक पाणी हवं होतं.
तिची माणसं म्हणत होती, वेल तळ्यात आहेत,
पंधरा दिवस थांबा.
आमच्या माणसांनी रात्री तुडूम उघडलं.
सकाळी शिंगाड्याचे वेल चिखलावर पडले होते
ओल्या केसांसारखे.
आमचं धान पिकलं.
मी ते खाल्लं.

गंज तेव्हा माझ्याकडे होता.
फळीवर पालथा घातला.
त्यात काय घालून नेऊ?
तांदूळ?

दीड वर्ष.
पुस्तकातला गंज चढायला तेवढं पुरतं.

भिंतीवर कॅलेंडर होतं, सगळे सण बरोबर होते,
पण त्या श्रावणात सात्या आल्या आणि गेल्या.
चार दिवसांच्या असतात त्या.
मला कोणी सांगितलं नाही.
बाजारात एका बाईच्या टोपलीत
शेवटच्या, काळ्या पडलेल्या दिसल्या.
मी तिथेच उभी राहिले पिशवी धरून,
आणि बस सुटली.

यंदा चैत्रात, पहाटे,
मोहाखाली एक बॅटरी हलताना दिसली.
झोपलेल्या नवऱ्याला ओलांडून निघाले.
गंज घेतला, रिकामाच.

ती वेचत होती. मान वर केली नाही.
मी झाडाच्या पलीकडून सुरुवात केली.
मोहफूल सुटतं तेव्हा पाचोळ्यावर टप् होतं,
अंधारात तेवढंच ऐकू येत होतं,
आणि आमच्या बांगड्या.
सरकत सरकत जवळ आलो.
केव्हातरी तिच्या मुठीतली फुलं गंजात पडली.
चुकून असतील.
मग पुन्हा पडली.

"तुडमाचं..." मी म्हणाले.
"फुलं तुडवू नोको," ती म्हणाली,
"पाय तिकडं घे."

उजाडलं तेव्हा गंजावर शीग चढली होती.
दोघींनी वेचलेलं,
आता कोणी कोणाला द्यायचं?
ती कंबर धरून उठली.
"कण्या असतील तर आण," म्हणाली,
"गूळ आहे माझ्याकडं."

तोवर कोणाच्या तरी वासरानं
गंजात तोंड घातलं होतं.